१५ वर्षांची अल्टो, ढिला हँडब्रेक आणि नोंदणीचं नूतनीकरण

आमची अल्टो ऑगस्ट २०१० मध्ये घेतलेली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिची मुदत संपणार होती. गाडी विकायची नाही हे घरात आधीच ठरलं होतं. इंजिन चांगलं आहे, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहूनही पत्रा बऱ्यापैकी टिकलाय, आणि आमच्या वाडीतल्या अरुंद रस्त्याला तीच सोयीची पडते. मला धास्ती होती ती कागदपत्रांची. ती वेळेत झाली. गाडी अडली हँडब्रेकपाशी. त्या दोन महिन्यांत जे शिकायला मिळालं ते क्रमाने लिहिते आहे, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांपुढे हाच प्रश्न येणार आहे.

सुरुवात मे महिन्यात झाली. आमच्या घरासमोरचा रस्ता उताराचा आहे. गाडी उभी करून हँडब्रेक पूर्ण वर ओढला तरी ती वीतभर पुढे सरकायची आणि मग थांबायची. हँडब्रेक ओढताना खटके ऐकू येतात, ते मोजले तर बारा-तेरा व्हायचे. बहुतेक गाड्यांत पाच ते आठ खटक्यांत ब्रेक घट्ट धरायला हवा. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. आई पुढच्या सीटवर बसलेली असली की दार उघडायच्या आधी माझ्याकडे बघायची, ‘उतरू का?’ म्हणून. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकासमोर जांभ्याचा तुकडा लावायचा, असं आमचं चाललं होतं.

जूनच्या सुरुवातीला गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने हँडब्रेकच्या लिव्हरखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, आतला नट पाना लावून आवळला आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. २०० रुपये झाले. लिव्हर आता पाचव्या खटक्याला ताठ व्हायची आणि उतारावर गाडी सरकत नव्हती. मला हायसं वाटलं.

पण चार दिवसांनी बाजारातून आल्यावर मागच्या डाव्या बाजूने जळका वास येऊ लागला. चाकाजवळ हात नेला तर नुसती धग. उजवं चाक मात्र थंड. (गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन बघावी, हात लावू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटून राहतोय.) महिना संपेपर्यंत खटके पुन्हा दहाच्या वर गेले.

तोपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज केला होता. नियम असा आहे की मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नमुना २५ भरायचा, फी भरायची आणि तपासणीची तारीख घ्यायची. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये होती, तेवढीच मी भरली. त्याआधी ती ६०० होती. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर लागतो, तो माझ्या पेट्रोल गाडीला ३,००० रुपये पडला. आरसी, चालू विमा, चालू पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा एवढं बरोबर ठेवलं होतं. हा ठसा पावसाळ्यात घ्यायचा असेल तर आदल्या दिवशी नंबरची जागा पुसून कोरडी करून ठेवा. ओल्या पत्र्यावर कागद फाटतो. एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची नवी नंबरपाटी, आधीच बसवून घेतली होती. तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. सकाळी लवकर गेले तरी पुढे बऱ्याच गाड्या होत्या, त्यामुळे नंबर यायला दुपार झाली. वाहन निरीक्षकांनी चेसिस नंबर ताडून बघितला, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायर सगळं पाहिलं. मग गाडी थोडी चालवायला लावून पायाचा ब्रेक बघितला. तो ठीक होता. शेवटी म्हणाले, “हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा.” हँडब्रेक चांगला असेल तर इंजिन दबतं आणि बंद पडतं. आमची गाडी मागचा भाग जरासा दाबून सरळ पुढे निघाली.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “मॅडम, पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही स्वतंत्रपणे चालायला हवेत. एक चालत नसेल तर मला गाडी पास करता येत नाही. दुरुस्त करून आणा.” त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६ वा नियम ब्रेकचा आहे, आणि त्यात हेच अपेक्षित आहे. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, हँडब्रेक केबलच्या ओढीवर. एखाद्या घाटात तेलाचा दाब गेला तर गाडी थांबवायला हातात हँडब्रेकशिवाय दुसरं काहीच उरत नाही. हे ऐकल्यावर मला अर्ज परत आल्याचं वाईट वाटण्यापेक्षा, याच गाडीतून आपण आंबा घाट उतरलोय, याची भीती जास्त वाटली.

काळजी तारखेचीही होती. मुदत संपल्यावर नूतनीकरण केलं तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि मुळात नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. म्हणजे दुरुस्ती आणि दुसरी तपासणी दोन्ही ऑगस्टच्या मध्याआधी व्हायला हवी होती.

शेजाऱ्यांनी एका वयस्क मेकॅनिककाकांचं नाव सुचवलं. त्यांचं स्वतःचं छोटं शेड आहे, हाताखाली एक मुलगा, आणि ते एका वेळी एकच गाडी घेतात. तीन दिवसांनंतरची वेळ दिली. मी आधीच्या आवळण्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “ताई, हँडब्रेकचं दुखणं मागच्या चाकांत असतं. लिव्हरखालचा नट सगळ्यात शेवटी. सगळे उलटं करतात, कारण चाक खोलायला वेळ जातो.”

त्यांनी आधी काही खोललंच नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. अल्टो पुढच्या चाकांवर ओढली जाते, त्यामुळे गिअरमध्ये असली तरी मागची चाकं मोकळी फिरतात. मग मागचा भाग जॅकवर उचलून खाली घोडे, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावले. हे घरी कुणी करून बघणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नका. घोडे नसतील तर हा भाग मेकॅनिककडेच करून घ्या.

आता मला लिव्हरवर बसवलं आणि ते स्वतः चाक हाताने फिरवत राहिले. “एक खटका ओढा. आणखी एक. आणखी एक.” डावं चाक आठव्या खटक्याला जड झालं आणि दहाव्याला थांबलं. उजवं शेवटपर्यंत फिरत राहिलं. एवढ्यावरूनच कळलं की दोन्ही बाजूंची दुखणी वेगळी आहेत. सगळी ओढ डाव्या चाकावर पडत होती, आणि नट आवळल्यावर तेच तापलं ते त्यामुळेच. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि गाडीची काय दुरुस्ती करायची हे ठरवायच्या आधी प्रत्येकाने मेकॅनिककडून करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मग त्यांनी विचारलं, “ब्रेक ऑइल कमी होत होतं का?” होत होतं. वर्षभरात सर्व्हिसिंगला आणि मध्ये एकदा ते वरून भरलं गेलं होतं. काकांनी मान हलवली. लायनर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला (लोखंडी डब्याला) आतून दाबून धरणारे, अस्तर लावलेले अर्धगोल तुकडे. ते झिजले की टाकीतलं ऑइल थोडं खाली जातं, ते साहजिक आहे. पण पुन्हा पुन्हा भरावं लागलं तर ते कुठेतरी बाहेर येतंय.

आधी केबल ढिली केली, मग चाक काढलं, मधली टोपी आणि नट काढून ड्रम ओढला. उजवा ड्रम निघता निघेना. आत गंजाची कडा तयार झाली होती आणि लायनर तिला अडकत होते. तो निघाला तेव्हा आतलं सगळं काळं आणि ओलं. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या छोट्या भागाचं) रबर फाटून ब्रेक ऑइल लायनरवर झिरपलं होतं. तेल प्यायलेला लायनर कितीही दाबला तरी धरत नाही, आणि तो पुसून किंवा घासून परत वापरायचा नसतो, टाकूनच द्यायचा. डाव्या बाजूला कोरडं होतं, पण लायनरचं अस्तर जेमतेम मिलिमीटरभर उरलं होतं आणि अ‍ॅडजस्टर गंजून जागीच बसला होता.

अ‍ॅडजस्टरचं काकांनी नीट समजावलं, आणि मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट. लायनर झिजत जातात तसं त्यांच्यात आणि ड्रममध्ये अंतर पडतं. ते अंतर भरून काढायला आत अ‍ॅडजस्टर असतो. ब्रेक दाबता-ओढताना तो आपोआप थोडा थोडा पुढे सरकतो. पण त्यासाठी लायनरला जोडलेली हँडब्रेकची पट्टी सोडल्यावर पूर्ण मागे, तिच्या टेकूपर्यंत जायला हवी. वरून केबल जास्त आवळली की ती पट्टी कायम थोडी ओढलेली राहते, अ‍ॅडजस्टरचं काम थांबतं आणि अंतर वाढतच जातं. म्हणजे नट आवळल्याने आठवडाभर बरं वाटतं आणि मूळ दुखणं वाढतं. आमच्या गाडीत जूनभर हेच झालं होतं.

शेवटी केबल. चाकाकडचं टोक सोडवून त्यांनी ती हाताने पुढे-मागे ओढून बघितली. डावी सरकत होती. उजवी अडकत होती आणि ओढल्यावर परत जात नव्हती. तिच्यावरचं काळं आवरण एका जागी चिरलं होतं, त्यातून पाणी जाऊन आतली तार गंजली होती. आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी असतं, आणि गाडी समुद्राजवळ उभी असते, तेव्हा केबलचं आयुष्य पुस्तिकेवर मोजू नये. काकांनी दोन्ही केबल बदलायला सांगितल्या. एक नवी आणि एक जुनी ताणलेली ठेवली तर ओढ पुन्हा असमान होते, आणि मजुरी दोन्ही वेळेला तेवढीच पडते. लायनर तर नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे.

एक सूचना इथेच लिहून ठेवते. ड्रममधली काळी भुकटी हवेने फुंकायची नाही. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांत गेला तर घातक. काकांनी ओल्या फडक्याने आणि पाण्याने भुकटी बसवून मगच पुसली. ते बघून बरं वाटलं, कारण शेजारी त्यांच्या हाताखालचा मुलगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन उभा होता आणि त्यांनी त्याला ती खाली ठेवायला लावली.

लायनर, सिलिंडर आणि स्प्रिंगा गावातच मिळाल्या. केबल नव्हती. दुकानदाराने कोल्हापूरहून मागवली, आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस लागला. पार्सल यायला आठवडा उलटला. तो आठवडा जड गेला. गाडी खोललेल्या अवस्थेत शेडमध्ये, दुसऱ्या तपासणीची तारीख अजून घेतलेली नाही, आणि घरात रोज तोच प्रश्न. सुट्या भागांची चौकशी गाडी खोलायच्या आधी करून ठेवता येते, निदान केबलची तरी. हे ज्यांच्या हाती वेळ कमी आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

मधल्या वेळात दोन्ही ड्रम लेथवर नेऊन आतून घासून, म्हणजे टर्निंग करून, साफ करून घेतले. आमच्या गाडीचा ड्रम आतून मूळ १८० मिलिमीटरचा, आणि त्याची मर्यादा १८२. मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम बदलावा लागतो. आमचे दोन्ही टर्निंगनंतरही आत राहिले, म्हणून तेवढा खर्च वाचला.

जुळणीच्या दिवशी मी पूर्ण वेळ तिथेच बसले होते. काका एक बाजू जुळवून होईपर्यंत दुसरी सोडत नव्हते, म्हणजे काही शंका आली तर नमुना समोर. लायनर जिथे मागच्या पत्र्याला घासतो तिथे बोटाने अगदी थोडं ग्रीस, अस्तराला त्याचा स्पर्शही नाही. नवे सिलिंडर, नव्या स्प्रिंगा, साफ केलेले अ‍ॅडजस्टर. ड्रमच्या मधला नटही नवा. मग ब्रेकची हवा काढली, नवं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवावं. त्यानंतर हँडब्रेक पूर्ण खाली ठेवून मला पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायला लावला, म्हणजे अ‍ॅडजस्टर आपापल्या जागी येऊन बसतील. पेडल हळूहळू वर येत गेलं. ते इतकं खाली गेलं होतं हे मला तोपर्यंत जाणवलंच नव्हतं, इतकी सवय झाली होती.

आणि मग, सगळ्यात शेवटी, लिव्हरखालचा नट. काका एक फेरा फिरवायचे, मी ओढायचे, ते चाक फिरवून बघायचे. दोन्ही चाकं सहाव्या खटक्याला एकदम थांबली. लिव्हर खाली सोडल्यावर दोन्ही मोकळी. “हे दुसरं जास्त महत्त्वाचं,” काका म्हणाले, “धरतो सगळ्यांचाच, सोडतो का ते बघायचं.”

बिल असं झालं: लायनर ८५०, दोन सिलिंडर ७६०, दोन केबल १,१००, स्प्रिंगा १८०, ऑइल २२०, नट ८०, ड्रमचं टर्निंग ४००, मजुरी १,५००. एकूण ५,०९० रुपये. त्यांनी जुने भाग पिशवीत घालून दिले. मागितले नव्हते, पण तुम्ही मागा; काय बदललं ते डोळ्यांनी बघितलेलं बरं.

नवे लायनर ड्रमला नीट बसायला थोडं चालवावं लागतं. हँडब्रेक आणि मागचा पायाचा ब्रेक एकाच लायनरवर चालतात, त्यामुळे नेहमीच्या चालवण्यातच ते बसतात. मुद्दाम हँडब्रेक ओढून गाडी पळवायची काही गरज नाही. मी रोज पावस-रत्नागिरी ये-जा केली आणि मगच दुसऱ्या तपासणीची तारीख घेतली. घरासमोरच्या उतारावर पायाने ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये पाय सावकाश काढून बघितला. गाडी जागची हलली नाही. आई दार उघडून उतरलीसुद्धा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी निरीक्षक दुसरे होते. त्यांनी सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली, म्हणून कागदांचा पूर्ण संच परत नेलेला उपयोगी पडला. क्लच सोडला आणि इंजिन धडधडून बंद पडलं. “ठीक आहे,” म्हणून त्यांनी सही केली. मला मात्र तिथेच स्टिअरिंगवर हात ठेवून दोन क्षण बसावंसं वाटलं. नवी आरसी टपालाने आली, पाच वर्षांची, म्हणजे २०३० च्या ऑगस्टपर्यंत.

महिनाभराने काकांकडे नुसतं दाखवायला गेले तर खटके सहाचे सात झाले होते. नवी केबल थोडी ताणते, तेवढं चालतं म्हणाले. चाकं उचलून दोन्ही बाजू सारख्या धरताहेत ना एवढं बघितलं, नटाला हात लावला नाही आणि पैसेही घेतले नाहीत. जाताना एवढंच सांगितलं की पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी, गिअरमध्ये, आणि चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. उतारावर रोज मात्र हँडब्रेक ओढायचाच, कारण केबल वापरात राहिली तरच सरकती राहते.